लॉक न लावता: प्रोसेसर आपल्याला काय देतो आणि काय देत नाही



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका पेपरच्या मसुद्यात एक वाक्य लिहिलं होतं: 'आमचा लॉक-फ्री स्टॅक सलग तीन आठवडे चालवला, एकदाही चुकला नाही, म्हणून तो बरोबर आहे.' गाइड मॅडमनी 'म्हणून' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, "कुणाच्या भरवशावर?" खरं सांगायचं तर मला रागच आला. आठ कोअरचं मशीन, कोट्यवधी ऑपरेशन्स, एकही चूक नाही. अजून काय पाहिजे?

चार दिवसांनी तोच प्रोग्रॅम लॅबमधल्या एका लहानशा आर्म बोर्डवर चालवला. पहिल्याच तासात बेरीज चुकली.

ती का चुकली हे लेखाच्या शेवटाकडे सांगते. तिथे पोचण्याआधी एक प्रश्न नीट सोडवावा लागेल: आपण लॉक वापरायचं नाही असं ठरवतो, तेव्हा आपण प्रोसेसरच्या नेमक्या कोणत्या आश्वासनावर उभे असतो? या विषयात संशोधन करायचं असेल, तर हा प्रश्न जितक्या लवकर पडेल तितकं बरं. थ्रेड आणि पॉइंटर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालते. बाकी सगळं इथेच बघू.

फळ्यावरची वर्गणी

समजा, गणेशोत्सव मंडळाच्या फळ्यावर वर्गणीची एकूण रक्कम लिहिली आहे: ५,०००. दोन कार्यकर्ते एकाच वेळी ५०० आणि ३०० रुपये घेऊन येतात. दोघंही फळ्याकडे बघतात, दोघांनाही ५,००० दिसतात. दोघंही मनातल्या मनात बेरीज करतात. पहिला ५,५०० लिहितो, दुसरा ते पुसून ५,३०० लिहितो. पाचशे रुपये गेले. चोरी कुणीच केली नाही, तरी हिशोब चुकला.

प्रोग्रॅममध्ये एखादा काउंटर एकाने वाढवताना हेच होतं: वाचा, वाढवा, लिहा. तीन पायऱ्या, आणि मधे कुणीही घुसू शकतो. इथे बरेच जण एक चूक करतात. एक्स८६ प्रोसेसरवर 'मेमरीतली संख्या एकाने वाढव' ही एकच सूचना आहे, म्हणून ती अखंड असणार असं त्यांना वाटतं. तसं नाही. सूचना एक असली तरी आत त्या तीन पायऱ्या आहेतच, आणि दुसरा कोअर त्यांच्या मधे येऊ शकतो.

नेहमीचा उपाय म्हणजे लॉक. मंडळाच्या भाषेत: खडू एकच, ज्याच्या हातात खडू त्यानेच फळ्याला हात लावायचा. छान चालतं. पण खडूवाला खडू खिशात घालून चहाला गेला तर? सगळे खोळंबले. थ्रेडचंही तसंच आहे. लॉक हातात असताना ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला बाजूला बसवलं, तर बाकीचे ताटकळतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता, त्याच्या मुळाशी हीच जातकुळी होती. कमी प्राधान्याच्या कामाने लॉक धरून ठेवलेलं, मधल्या प्राधान्याचं काम त्याला पुढे सरकू देईना, आणि सर्वांत महत्त्वाचं काम वाट बघत राहिलं.

लॉक-फ्री म्हणजे नुसतं 'लॉक न वापरणं' नव्हे. व्याख्या प्रगतीची आहे: कुठलाही थ्रेड कुठेही अडकून पडला, तरी सगळे मिळून काही ना काही काम पुढे गेलंच पाहिजे. एखाद्या बिचाऱ्या थ्रेडची पाळी कधीच आली नाही तरी ही व्याख्या मोडत नाही. 'प्रत्येक थ्रेडचं काम ठरावीक पायऱ्यांत पूर्ण होईलच' अशी हमी हवी असेल तर त्याला वेट-फ्री म्हणतात, आणि ते बरंच अवघड आहे. मुलाखतीत या दोन शब्दांतला फरक हमखास विचारतात.

एक प्रश्न, एक बदल, एका दमात

आता खडू काढून टाकू. त्याऐवजी नियम असा: फळ्यापाशी जाऊन म्हणायचं, "अजून ५,००० च असतील तर ५,५०० कर; नसतील तर हात लावू नकोस, आत्ता काय आहे ते मला सांग." तपासणं आणि लिहिणं एकाच दमात, मधे कुणी येणार नाही. जमलं तर ठीक. नाही जमलं तर नवी रक्कम घेऊन पुन्हा बेरीज करायची आणि पुन्हा विचारायचं.

हेच कम्पेअर-अँड-स्वॅप, म्हणजे कॅस. गंमत बघा: माझं कॅस फसलं याचा अर्थ मधल्या वेळात दुसऱ्या कुणाचं तरी काम झालं. म्हणजे एकूण प्रगती झालीच! लॉक-फ्रीची व्याख्या आपोआप पाळली गेली. शिवाय ज्या क्षणी कॅस यशस्वी झालं, त्या एका क्षणी माझं अख्खं ऑपरेशन घडलं असं म्हणता येतं. प्रत्येक ऑपरेशन त्याच्या सुरुवात आणि शेवट यांच्या मधल्या एका क्षणी घडल्यासारखं दाखवता आलं, की त्या रचनेला लिनिअरायझेबल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कॅस ही नवी गोष्ट नाही. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये टेस्ट-अँड-सेट होतं. त्यानंतरच्या सिस्टिम/३७० मध्ये, म्हणजे १९७० च्या दशकातच, कॅस आलं, आणि शेजारशेजारच्या दोन शब्दांवर चालणारं त्याचं मोठं भावंडही आलं. इंटेलच्या घराण्यात ते १९८९ च्या ४८६ मध्ये पोचलं.

कोअरच्या आत काय घडतं?

'एकाच दमात' असं मी सहज म्हणून गेले. हा दम कोण धरतो?

प्रत्येक कोअरची स्वतःची कॅश असते. मेमरीचे तुकडे, बहुतेक प्रोसेसरवर ६४ बाइटचे, कॅशमध्ये येऊन बसतात. त्यांना कॅश लाइन म्हणतात. एकच लाइन चार कोअरकडे असेल आणि एकाने त्यात लिहिलं, तर बाकीच्यांकडची प्रत शिळी होते. ती शिळी प्रत कुणी वापरू नये म्हणून कोअर आपापसांत एक शिस्त पाळतात, तिला कॅश कोहेरन्स प्रोटोकॉल म्हणतात. नियम साधा आहे: वाचायला कितीही जणांकडे प्रत असू दे, लिहायचं असेल तर लाइन फक्त माझ्याकडे हवी.

ऍटॉमिक सूचना याच शिस्तीवर स्वार होते. कोअर आधी ती लाइन पूर्णपणे स्वतःकडे मागून घेतो. मग वाचणं, तुलना आणि लिहिणं संपेपर्यंत दुसऱ्या कोणाची मागणी आली तरी लाइन सोडत नाही. बस, एवढंच. एक्स८६ वर या सूचनेच्या आधी जो उपसर्ग लागतो त्याचं नाव मात्र अजूनही 'लॉक' आहे! जुन्या काळी खरोखरच मेमरीची सगळी बस अडवली जायची, त्याची ही खूण. आजही आपला डेटा दोन कॅश लाइनींच्या सीमेवर पसरला असेल, तर तशीच अडवणूक होते आणि सगळं मशीन मंदावतं.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही तुमच्या प्रयोगांत आडव्या येतील. पहिली: लॉक-फ्री म्हणजे फुकट नव्हे. लाइन आपल्याच कोअरकडे असेल तर कॅस काही मोजक्या सायकलमध्ये होतं. पण सोळा कोअर एकाच शब्दावर कॅस करत असतील तर ती लाइन चेंडूसारखी इकडून तिकडे फिरते, आणि प्रत्येक फेरीला शंभरावर सायकल सहज जातात. दुसरी: तुमचे दोन वेगळे काउंटर शेजारी-शेजारी, एकाच लाइनमध्ये असतील, तर दोन थ्रेड एकमेकांचा संबंध नसताना भांडतात. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. 'आमचा अल्गोरिदम स्केल होत नाही' असं लिहिण्याआधी हे एकदा तपासा.

कॅसच का?

फेच-अँड-ॲड, टेस्ट-अँड-सेट, स्वॅप अशा कितीतरी ऍटॉमिक सूचना आहेत. मग सगळीकडे कॅसचंच नाव का? याचं उत्तर मॉरिस हर्लिही यांनी १९९१ मध्ये 'वेट-फ्री सिंक्रोनायझेशन' या पेपरात दिलं. २००३ चा डाइक्स्ट्रा पुरस्कार याच पेपराला मिळाला. संशोधनाच्या तयारीत एकच पेपर वाचणार असाल तर हा वाचा.

त्यांचा प्रश्न असा: काही थ्रेड आहेत, प्रत्येकाचा एक प्रस्ताव आहे, आणि सगळ्यांनी मिळून एकच प्रस्ताव निवडायचा आहे. कुणीही दुसऱ्याची वाट बघायची नाही, कारण दुसरा कायमचा थांबलेलाही असू शकतो. कोणत्या सूचनेच्या जोरावर किती थ्रेड एकमतावर येऊ शकतात?

टेस्ट-अँड-सेट घ्या. दोन थ्रेड असतील तर सोपं आहे. दोघंही आपापला प्रस्ताव आधी लिहून ठेवतात, मग झेंड्यावर झडप घालतात. जिंकला तो जिंकला. हरलेल्याला कळतं की दुसराच जिंकला, तो त्याचा प्रस्ताव उचलतो. आता तिसरा थ्रेड आणा. हरलेल्याला एवढंच कळतं, "मी हरलो." पण उरलेल्या दोघांपैकी जिंकलं कोण? सांगायला कुणी नाही, आणि वाट बघायची तर मनाई आहे. फेच-अँड-ॲडचंही तेच: मला १ मिळाला म्हणजे कुणाला तरी ० मिळाला होता, पण कुणाला?

कॅसमध्ये ही अडचणच येत नाही. एक रिकामा शब्द ठेवा. प्रत्येकाने म्हणायचं, "रिकामा असेल तर माझं नाव लिही." एकाचं नाव लागतं. बाकीचे तोच शब्द वाचतात, विजेत्याचं नाव समोरच असतं. थ्रेड दोन असोत की दोन हजार. हर्लिहींच्या मोजणीत नुसत्या वाचण्या-लिहिण्याचा कन्सेन्सस नंबर १, टेस्ट-अँड-सेट आणि फेच-अँड-ॲडचा २, आणि कॅसचा अनंत. म्हणजे कॅस असेल तर कोणतीही सामायिक रचना वेट-फ्री पद्धतीने बांधता येते, निदान तत्त्वतः. प्रत्यक्षात? चला बघू.

किंमत तीच, पण गोष्ट तीच का?

सर्वांत सोपी लॉक-फ्री रचना म्हणजे ट्रायबर यांचा १९८६ चा स्टॅक. एक लिंक्ड लिस्ट आणि तिच्या पहिल्या नोडकडे बोट दाखवणारा 'टॉप' हा पॉइंटर. वर नोड ठेवायचा असेल तर असं:

१. नवा नोड घ्या, त्यात डेटा भरा.
२. टॉप वाचा.
३. नव्या नोडचा 'नेक्स्ट' त्या जुन्या टॉपकडे वळवा.
४. कॅस: टॉप अजून तोच असेल तर नवा नोड टॉप. नसेल तर पुन्हा पायरी २.

काढायचा असेल तर उलट: टॉप वाचा, त्याचा नेक्स्ट वाचा, आणि 'टॉप अजून तोच असेल तर तो नेक्स्ट टॉप कर'.

कागद घ्या आणि हे चित्र काढा, वाचून भागणार नाही. स्टॅकमध्ये वरून खाली अ, ब, क असे तीन नोड आहेत. पहिला थ्रेड नोड काढायला आला: टॉप अ, त्याचा नेक्स्ट ब, हे त्याने वाचलं. आणि नेमकं तिथेच त्याला झोप लागली. दुसरा थ्रेड आला. त्याने अ काढला, ब काढला, ब ची मेमरी मोकळी केली, आणि अ पुन्हा वर ठेवला. आता स्टॅक आहे अ, क. पहिला थ्रेड जागा झाला. त्याचं कॅस विचारतं, "टॉप अजून अ च आहे?" हो, आहे! कॅस यशस्वी, टॉप झाला ब. आणि ब तर केव्हाच मोकळा केलेला आहे. क हरवला, स्टॅक मोडला, आणि कुठेही एरर नाही.

याला एबीए प्रॉब्लेम म्हणतात. कॅस विचारतं 'किंमत तीच आहे का', आपण मात्र मनात समजतो 'मधे काही घडलं नाही ना'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फळ्यावरच्या वर्गणीत हा फरक पडत नव्हता. मधे कुणी ५०० भरून परत नेले आणि रक्कम पुन्हा ५,००० झाली, तरी माझी बेरीज बरोबरच राहते. स्टॅकमध्ये पडतो, कारण टॉपच्या किमतीवरून मी दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे अ च्या नेक्स्टबद्दल, अनुमान काढलेलं असतं. म्हणून प्रत्येक कॅससमोर स्वतःला विचारायचं: ही किंमत तीच राहिली, यावरून मी आणखी काय काय गृहीत धरतोय?

हार्डवेअरने दिलेली उत्तरं, आणि त्यांच्या अटी

पहिलं उत्तर: पॉइंटरच्या शेजारी एक क्रमांक ठेवा, प्रत्येक बदलाला तो वाढवा, आणि दोन्हींवर एकदम कॅस करा. अ परत आला तरी क्रमांक पुढे गेलेला असेल. यासाठी दुप्पट रुंदीचं कॅस लागतं. ३२-बिट पेंटियममध्ये १९९३ साली ८ बाइटचं आलं. ६४-बिट एक्स८६ वर १६ बाइटचं आहे, पण एएमडीच्या सुरुवातीच्या ६४-बिट प्रोसेसरांत ते नव्हतं. ६४-बिट विंडोज ८.१ ने ते सक्तीचं केलं. रुंद कॅस नसेल तर लोक पॉइंटरच्या न वापरलेल्या वरच्या बिटांत क्रमांक कोंबतात. ४८ बिटांचा पत्ता धरला तर उरतात १६ बिट, म्हणजे ६५,५३६ बदलांनंतर क्रमांक पुन्हा शून्यावर. झोपलेला थ्रेड तेवढ्या वेळात उठला नाही तर? शक्यता कमी झाली, संपली नाही.

दुसरं उत्तर प्रश्नच बदलतं. लोड-लिंक्ड आणि स्टोअर-कंडिशनल अशी सूचनांची जोडी १९८७ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत मांडली गेली; पुढे मिप्स, अल्फा, पॉवरपीसी, आर्म आणि रिस्क-फाइव्ह यांनी ती घेतली. पहिली सूचना शब्द वाचते आणि त्यावर नजर ठेवते. दुसरी म्हणते, "मी वाचल्यापासून या शब्दावर कुणी लिहिलं नसेल तरच लिही." किंमत तीच असली तरी मधे लिहिलं गेलं असेल तर ती नकार देते. त्या दोन सूचनांच्या दरम्यान तरी एबीए उरत नाही.

पण नजर शब्दावर नसते, बहुधा त्या भोवतीच्या अख्ख्या तुकड्यावर असते. शेजारच्या डेटावर कुणी लिहिलं, मधे इंटरप्ट आला, तरी स्टोअर फसू शकतं. म्हणजे 'मी फसलो म्हणजे दुसरा कुणीतरी जिंकला' हा आपला लाडका युक्तिवाद इथे आपोआप लागू होत नाही! रिस्क-फाइव्हचं स्पेसिफिकेशन म्हणून अट घालून हमी देतं: दोन सूचनांमधला लूप जास्तीत जास्त १६ सूचनांचा असावा, त्यात दुसरं लोड-स्टोअर नसावं, इत्यादी. अट पाळली तर प्रगतीची हमी, नाही पाळली तर तुमचं तुम्ही बघा. आर्मने पुढे ८.१ आवृत्तीत थेट कॅस आणि फेच-अँड-ॲडसारख्या सूचनाही दिल्या.

तिसरं उत्तर: दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या शब्दांवर एकदम कॅस. मोटोरोलाच्या ६८०२० मध्ये 'कॅस२' नावाने ते होतं आणि सिंथेसिस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अख्खा कर्नल त्याच्या जोरावर लॉकशिवाय उभा राहिला. पण ६८०६० च्या हार्डवेअरमधून ते गेलं. एवढी ताकदवान सूचना मिळाली तरी काम सोपं होतं का, याचं उत्तरही बोलकं आहे. अशा दुहेरी कॅसवर आधारलेला 'स्नार्क' नावाचा एक अल्गोरिदम २००० मध्ये सिद्धतेसह प्रसिद्ध झाला. जाणकार लोकांचं काम होतं. संगणकाच्या मदतीने त्याची औपचारिक सिद्धता लिहायला घेतली तेव्हा त्यात चुका सापडल्या, आणि २००४ मध्ये तो अनुभव पेपर म्हणून आला.

चौथं उत्तर: ट्रान्झॅक्शनल मेमरी. 'या सगळ्या ओळी एकाच दमात कर, कुणी आड आलं तर काहीच झालं नाही असं समज.' हर्लिही आणि मॉस यांनी १९९३ मध्ये ही कल्पना मांडली. २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये इंटेलने ती आणली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यात दोष जाहीर झाला आणि मायक्रोकोड बदलून ती बंद करावी लागली. आयबीएमने पॉवर८ मध्ये दिली, पॉवर१० मध्ये काढून घेतली. यावर अल्गोरिदम बांधलात तर ती सोय नसतानाचा पर्यायी मार्गही लिहावा लागतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणीच देत नाही: 'ब हा नोड आता कुणीच बघत नाही, बिनधास्त मोकळा कर' असं सांगणारी सूचना. तो हिशोब सॉफ्टवेअरनेच ठेवायचा. हॅझर्ड पॉइंटर, एपॉक, लिनक्स कर्नलमधलं आरसीयू ही सगळी त्याचीच उत्तरं. जावासारख्या भाषेत गार्बेज कलेक्टर बराचसा भार उचलतो: ज्या नोडकडे कुणाचं तरी बोट आहे तो मोकळा होत नाही, म्हणून त्याचा पत्ता दुसऱ्याच नोडला मिळत नाही.

तर मग बेरीज का चुकली?

आता माझ्या चुकीकडे येऊ. ती एबीए नव्हती. मी नोड मोकळेच करत नव्हते आणि काढलेला नोड पुन्हा वापरतही नव्हते. मग?

वरच्या यादीत पायरी १ मध्ये डेटा भरला आणि पायरी ४ मध्ये टॉप बदलला. कागदावर १ आधी, ४ नंतर. पण कोअर लिहिलेली गोष्ट लगेच सगळ्यांना दाखवत नाही. आधी ती स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये, म्हणजे जणू आपल्या पिशवीत टाकतो आणि सवडीने बाहेर काढतो. बाहेर काढण्याचा क्रम काय? इथेच प्रोसेसर वेगळे होतात.

एक्स८६ वर एका कोअरने लिहिलेल्या गोष्टी लिहिल्याच्याच क्रमाने बाहेर दिसतात. एवढंच नाही, तर लॉक उपसर्गाची सूचना आली की पिशवी आधी पूर्ण रिकामी होते. आर्मवर तसं बंधन नाही. दोन वेगळ्या पत्त्यांवर लिहिलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने दिसू शकतात, जोवर तुम्ही 'रिलीज' असं स्पष्ट सांगत नाही.

आणि मी काय सांगितलं होतं? सी++ मध्ये कॅस लिहिताना मेमरी ऑर्डर देता येते. वेग वाढावा म्हणून मी तिथे 'रिलॅक्स्ड' लिहिलं होतं. एक्स८६ वर रिलॅक्स्ड लिहा नाहीतर सर्वांत कडक ऑर्डर लिहा, कॅससाठी तीच लॉकवाली सूचना तयार होते. म्हणजे माझी चूक हार्डवेअर तीन आठवडे निमूटपणे पोटात घालत होतं. आर्मवर मात्र टॉप आधी दिसला, डेटा नंतर. दुसऱ्या थ्रेडने नोड उचलला तेव्हा आतली संख्या अजून आलेली नव्हती, आणि बेरीज चुकली. फळ्यावर 'पावत्या कपाटात ठेवल्या' असं लिहून झालं, पण पावत्या अजून पिशवीतच.

दुरुस्ती दोन शब्दांची होती. ठेवताना 'रिलीज': माझं आधीचं सगळं लिहिणं दिसल्याशिवाय हा बदल दिसू देऊ नकोस. काढताना 'ॲक्वायर': हा बदल दिसला तर त्याआधीचं सगळं मला दिसलंच पाहिजे. पण दुरुस्तीनंतर आर्मवरचे वेगाचे सगळे आकडे पुन्हा घ्यावे लागले, आलेखातली आमची रेघ खाली आली, आणि त्या वर्षीच्या परिषदेची मुदत हुकली.

मॅडमच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला. प्रोसेसर जे करतो ते एक, आणि प्रोसेसर जे करण्याचं वचन देतो ते दुसरं. चाचणीत आपल्याला पहिलं दिसतं. अल्गोरिदम मात्र दुसऱ्यावर उभा करायचा असतो.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

मी आता प्रत्येक नव्या रचनेसाठी कोडच्या आधी वहीत चार ओळी लिहिते. तुम्हीही लिहून बघा.

एक, प्रत्येक कॅस कोणती किंमत तपासतं, आणि त्यावरून मी न तपासलेलं काय गृहीत धरते? एबीए इथेच सापडतो.

दोन, कोणतं लिहिणं कोणत्या लिहिण्याच्या आधी दिसायलाच हवं? तिथे रिलीज आणि ॲक्वायर. भाषेच्या मेमरी मॉडेलनुसार लिहा, समोरच्या मशीननुसार नको.

तीन, नोड कोण आणि केव्हा मोकळा करतं?

चार, कॅस फसलं तर खरोखर दुसऱ्याची प्रगती झालेली असते का?

मग कोड. मग चाचणी, आणि ती निदान एका ढिल्या क्रमाच्या प्रोसेसरवर; साधा आर्म बोर्डही चालतो. लहान लहान लिटमस टेस्ट चालवून बघा, त्यासाठी हर्ड आणि लिटमस ही साधनं मोफत मिळतात. 'हा क्रम दिसणं शक्य आहे का' हे हर्ड मॉडेलवरून सांगतं, लिटमस प्रत्यक्ष मशीनवर तपासतं. आणि वेगाची तुलना नेहमी नीट लिहिलेल्या साध्या लॉकशी करा. बऱ्याचदा लॉकच जिंकतं, आणि तेही प्रामाणिकपणे लिहिण्यासारखा निष्कर्ष आहे.

मसुद्यातलं माझं वाक्य आता असं आहे: 'सी++११ च्या मेमरी मॉडेलनुसार, आणि काढलेले नोड मोकळे किंवा पुन्हा वापरले जात नाहीत या अटीवर, हा स्टॅक लिनिअरायझेबल आहे; सिद्धता विभाग ४ मध्ये.' चाचण्यांचं वाक्य त्याच्या खाली, वेगळं, 'म्हणून' शिवाय. मॅडमनी तो कागद परत दिला तेव्हा 'या अटीवर' या शब्दांखाली पेन्सिलीची एक रेघ होती, आणि शेजारी बरोबरची खूण.